काच उचलायला दोन माणसं लागतात

काका, मी तुमच्याशी खोटं बोलले.

हॉस्पिटलात, त्या मंगळवारी दुपारी, तुमच्या उशाशी उभं राहून. आणि आता ते खोटं फ्रेम होऊन आलंय.

सोनेरी कडेची फ्रेम आहे. क्लबहाउसमध्ये कॅरमच्या टेबलाला टेकवून ठेवलीय. मेघनाताईंनी करून घेतली. वर तुमचा चष्मा कपाळावर चढवलेला फोटो, खाली आपली यादी. साहेबाचे एकोणीस सिनेमे, एक ते एकोणीस. पहिल्या नंबरवर छापलंय, 'तारमास्तरचा'. रविवारी चार वाजता, म्हणजे आपला रविवारचा सिनेमा लागायचा त्याच वेळेला, सगळे तुमच्यासाठी जमणार आहेत आणि ती यादी मी वाचायची आहे. मेघनाताई म्हणाल्या, "वनिताताई, तुम्हीच वाचा. बाबांच्या इतकीच ती तुमची यादी आहे. आणि पहिल्या नंबरला तर तुम्ही स्वतः हो म्हणालात, माझ्यासमोर."

म्हणाले खरी. त्यांच्यासमोरच म्हणाले.

आज गुरुवार. इस्त्री तापलीय, बी विंगचा गठ्ठा तसाच पडलाय आणि मी धाकटीच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. सकाळपासून दोन शर्ट उलट्या बाजूने घडी घातले. चौदा वर्षं या पार्किंगमध्ये टेबल लावून उभी आहे, असं कधी झालं नव्हतं. रविवारी यादीच्या आधी हेच वाचावं असं मनात आहे. वाचवेल का, माहीत नाही. 

जमणाऱ्यांतल्या निम्म्यांना आपल्या चिठ्ठ्यांचं काही ठाऊक नाही. त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. तुम्ही नेहमी म्हणायचात, "वनिता, मधूनच सुरू करू नकोस, समोरचा हरवतो."

मी तुमचे चार शर्ट घेऊन वर आले होते. दार उघडं, टीव्हीवर काळा-पांढरा सिनेमा. एक माणूस टेबलाशी बसून कुणाला तरी झापत होता. मी शर्ट कोचावर ठेवले आणि सवयीनं बोलून गेले, "याची कॉलर बदलली."

तुम्ही मान वळवलीत. "काय?"

मी घाबरले. वाटलं, आगाऊपणा झाला. "काही नाही काका. आत्ता कडक स्टार्चची होती, आता मऊ आहे. दुसरा शर्ट घातलाय त्यानं."

तुम्ही रिमोट घेऊन मागे गेलात, पुढे आलात, परत मागे गेलात. मग टाळी वाजवून हसलात. "अगं, चाळीस वर्षं बघतोय मी हा सिनेमा! बस खाली."

मी खरंच खाली, फरशीवर बसले. तुम्ही ओरडलात, "खाली म्हणजे खाली नाही गं! खुर्च्या काय शोभेला आणल्यात?"

माझ्यासारखीला कुणी खुर्ची दिली की ती बसायच्या आधी दोनदा दांडीला हात लावून बघते. तुम्ही ते बघितलंत आणि काही बोलला नाहीत. तुमचे उपकार मी तिथून मोजायला घेतले आणि मोजता मोजता हरले.

तो सिनेमा साहेबाचा होता. साहेब म्हणजे अमेरिकेतला जुन्या जमान्यातला दिग्दर्शक. त्याचं नाव तुम्ही मला तीनदा म्हणायला शिकवलंत. चौथ्यांदा माझी जीभ अडखळली तेव्हा म्हणालात, "जाऊ दे. आपण त्याला साहेब म्हणू. त्याला काय कळणार आहे!" सिनेमांची नावंही तशीच जड, म्हणून त्यांनाही आपण आपली नावं दिली. तारमास्तरचा, रंगाऱ्याचा, वाळवंटाचा, बोटीचा, दोन बहिणींचा. दुपारी दोन ते चार माझ्या टेबलाला गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात सगळे बघून झाले, काही तीन-चारदा. इंग्रजी मला येत नाही, म्हणून तुम्ही थांबवून थांबवून मराठीत सांगायचात. पुढे पुढे मीच म्हणायला लागले, "सांगू नका काका, दिसतंय."

एक दिवस तुम्ही कागदाच्या एकोणीस चिठ्ठ्या कापल्यात. एकेकीवर एकेक सिनेमा. आणि त्या तुमच्या जेवणाच्या टेबलावरच्या काचेखाली ओळीने मांडल्यात. वरून पहिला, खाली एकोणिसावा. नियम एकच. दोघांचं एकमत झाल्याशिवाय चिठ्ठी हलणार नाही. नियम मोडायची सोयही नव्हती. ती काच अंगठ्याएवढी जाड, एकट्याला उचलत नाही. एकानं एका बाजूनं, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूनं धरून वर करायची, कडेला चार जाड पुस्तकांवर टेकवायची, मग चिठ्ठी हलवायची. तुमचे हात कापायचे, त्यामुळे तर दोघं लागायचोच.

सुरुवातीला मी सगळ्याला हो म्हणायची. तुम्ही म्हणालात वाळवंटाचा तिसरा, मी म्हटलं तिसरा. तुम्ही म्हणालात दोन बहिणींचा सातवा, मी म्हटलं बरोबर. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी तुम्ही चहाचा कप आपटलात. "हो ला हो लावायला मी आरसा घेतला असता! तुला काय वाटतं ते सांग."

"मला काय कळतंय काका."

"कॉलर कशी कळली?"

 मी भीत भीत म्हटलं, "वाळवंटाच्यात तो माणूस तीन दिवस उन्हात चालतो. त्याच्या बाहीची क्रीज मोडत नाही."

"अगं, स्टार आहे तो."

"असू दे. घाम तर येईल!"

वाळवंटाचा तिसऱ्यावरून तेराव्यावर गेला. काच उचलताना तुम्ही इतके खूश होतात, जणू तुमचाच नंबर वर गेलाय. मी मात्र आठवडाभर धास्तावलेली. वाटायचं, काकांना राग आला असेल, उद्यापासून कपडे दुसरीकडे टाकतील. माझा स्वभावच तसा. सातवीतून शाळा सुटली, वाशिमकडचं गाव सुटलं, नवऱ्यामागे इथं विचुंब्याला येऊन पडले. परक्या मुलखात माणूस पहिल्यांदा मान डोलवायला शिकतो. नाही म्हणायला मी तुमच्या टेबलापाशी शिकले.

मग रविवारी चार वाजता सिनेमाला मंडळी जमायला लागली. उत्तम नाखवा उरणहून यायचे, गोदीतून रिटायर झालेले, मूळचे कोळी. त्यांनी बोटीचा सिनेमा बघितला आणि पहिल्या पाच मिनिटांत खुर्चीतून उठले. "ओ काका, ही काय गाठ हाय का बुटाची नाडी? पयल्याच लाटेला होडी जाईल. तुमच्या सायबाला सांगा, आमच्याकडं ये म्हनावं, शिकवतो."

"नाखवा, साहेब वारून पन्नास वर्षं झाली."

"मंग बरा हाय. नायतर बुडला असता."

बोटीचा चौथ्यावरून अकराव्यावर. नाखवांना मत द्यायचा हक्क नव्हता, तरी आपण दोघांनी एकमतानं उतरवला. सोमवारी ते तुमचं टेबल न्यायला टेम्पो पाठवणार आहेत. मेघनाताईंनी घर रिकामं करायला घेतलंय. टेबल जायचं म्हणजे काच निघायची, आणि काच निघाली की खालच्या चिठ्ठ्या. म्हणून रविवारच्या आत मला जे करायचं ते करायला हवं.

*

पहिल्या नंबरवर तारमास्तरचा होता. पहिल्या दिवसापासून. तो तुम्ही ठेवला होतात आणि मी कधी बोट लावलं नव्हतं.

डोंगरातलं गाव, एकच तारऑफिस. तारमास्तरच्या हाती तार येते की समोरच्या बाईचा मुलगा लढाईत मारला गेला. तिच्या मुलीचं लग्न तीन दिवसांवर आलेलं. तारमास्तर ती तार कोटाच्या आतल्या खिशात घालतो आणि गप्प बसतो. तीन दिवस ती बाई लगबग करते, गाते, लग्नात त्यालाच हाताला धरून नाचवते. चौथ्या दिवशी तो तिच्या दारात जातो, तार देतो, दार लागतं. संपला सिनेमा.

आणि गंमत बघा काका, त्या तीन दिवसांत त्याच्या कोटाची डावी बाजू जरा ओढलेली दिसते, हे तुम्हाला मीच दाखवलं होतं. खिशात खरंच कागद ठेवला असणार, नाहीतर कापड असं पडत नाही. तुम्ही उठून उभे राहिलात. म्हणालात, आता हा पहिल्या नंबरवरून कधीच हलणार नाही.

चौथ्यांदा बघितला त्या दिवशी मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "हा खाली घ्या."

तुम्हाला वाटलं मी चेष्टा करतेय.

"पहिल्यावर रंगाऱ्याचा पाहिजे," मी म्हटलं.

"रंगाऱ्याचा? तो हलका सिनेमा साहेबानं पोटासाठी काढला गं!"

रंगाऱ्याचा आपल्याकडे सहावा. रंगारी एका म्हातारीचं घर रंगवत असतो. शिडी सरकते आणि तिच्या वारलेल्या मुलाचा एकुलता एक फोटो रंगाच्या बादलीत पडतो. अख्खा सिनेमाभर तो रिकाम्या खिळ्यापुढे उभा राहून, कधी शिडी, कधी पडदा आडवा लावून वेळ मारून नेतो. सगळे हसतात, मीही हसते. शेवटी तो टोपी काढतो, तिच्यासमोर बसतो आणि सांगतो. आणि तो सांगत असताना कॅमेरा तिच्या तोंडावरून हलत नाही. हलतच नाही. आपल्याला नको होतं तरी बघावं लागतं.

मी म्हटलं, "इथं साहेब थांबला. तारमास्तरच्या वेळी पळाला."

तुम्ही म्हणालात, "पळाला नाही. दार लावलं. तिचं दुःख बघायचा हक्क आपल्याला नाही, म्हणून."

"तिचं दुःख नाही झाकलं काका. तारमास्तरचं तोंड वाचवलं. तारेवर तारीख असते ना? ती बाई दार लागल्यावर पहिली तारीख बघणार. मग तिला कळणार, मी नाचले तेव्हा माझा पोरगा मेलेला होता, आणि ज्याचा हात धरून नाचले त्याला ते माहीत होतं. ते सगळं दाराच्या आत आहे. सिनेमा खरा तिथून सुरू होतो, आणि साहेब घरी गेला."

तुमचा चेहरा लाल झाला होता. "तू काय केलं असतंस?"

"तार दिली असती."

"लग्न मोडलं असतं!"

"पुढं ढकललं असतं."

आणि मग तुम्ही ते बोललात. "सातवीतून शाळा सोडलेल्या बाईनं मला सिनेमा शिकवू नये."

मी उठले. पदर खोचला आणि जिना उतरले. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही.

तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, मी का एवढी पेटले. ते मी तुम्हाला कधीच धड सांगितलं नाही, आज सांगते. धाकटीच्या वेळी मी इथंच बाळंत झाले. आई यायची होती, आली नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "आबाले थोडा ताप हाये, म्हणून माय थांबली." मी रोज फोन करायची. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, द्या म्हटलं की कधी वावरात गेलेत, कधी झोपलेत, कधी तालुक्याला गेलेत. मी फोनवर पोरीचं रडणं ऐकवायची, हसायची, म्हणायची, आबांना सांगा, नाक अगदी त्यांच्यासारखं आहे. माहेरून डिंकाचे लाडू आले. मी रोज सकाळी एक खायची. सव्वा महिन्यानं भाऊ स्वतः आला आणि दारात उभा राहूनच रडायला लागला. आबा मी बाळंत झाल्याच्या चौथ्या दिवशी गेले होते. ओली बाळंतीण, धक्का बसेल, दूध जाईल, म्हणून कुणी सांगितलं नाही. घरात सुतक असल्यामुळे लाडू शेजारणीकडून वळून घेतले होते, मला शंका येऊ नये म्हणून.

सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. मला ते कळतं. पण काका, त्या लाडवांची चव माझ्या तोंडातून अजून गेलेली नाही. ते सव्वा महिन्याचं हसणं मला परत घेता येत नाही.

*

तीन दिवस मी वर आले नाही. कपडे नवऱ्याच्या हाती पाठवले. चौथ्या दिवशी तुम्ही स्वतः खाली आलात, हातात एकच शर्ट. मीच कडक करून दिलेला, घडीसुद्धा मोडलेली नाही.

"याची इस्त्री नीट झालेली नाही," तुम्ही म्हणालात.

मी बघितला. "नीट आहे."

"नाही म्हणतोय ना मी?"

"नीट आहे काका. मी का हो म्हणू?"

तुम्ही हसलात. बी विंगच्या बायका बघत होत्या. मग हळूच म्हणालात, "चल वर. काच उचलायचीय. मला एकट्याला जमत नाही."

तुम्ही तारमास्तरची चिठ्ठी पहिल्या जागेवरून काढायला निघाला होतात. म्हणालात, एकमत नाही तर पहिला नंबर कुणाचाच नाही. तारमास्तरचा आणि रंगाऱ्याचा, दोन्ही शेजारी शेजारी दुसऱ्या जागेवर, आणि वरची जागा मोकळी. आपण काच धरली, वर केली, आणि पुस्तकांवर टेकवायच्या आधीच तुम्ही बोलायला लागलात. दोघांचे हात अडकलेले. मला जाता येईना, तुम्हाला तोंड फिरवता येईना. आता वाटतं, तुम्ही मुद्दाम तीच वेळ निवडलीत.

पुढचे चार शब्द मी कुणाला सांगणार नाही असं तुम्हाला कबूल केलं होतं. इथं लिहितेय, पण वाचायचे की नाही ते अजून ठरलेलं नाही.

तुम्ही म्हणालात, "अठ्ठावीस दिवस, वनिता. मेघनाच्या आईचा कॅन्सरचा रिपोर्ट अठ्ठावीस दिवस माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता. मेघनाचं लग्न होतं. हिला वाटत होतं नुसतं पित्त आहे. वाटू दिलं. लग्न झालं, पाचव्या दिवशी सांगितलं."

काच जड होत चालली होती.

"मेघनाला माहीत नाही. तिला बोलू नकोस." आणि मग, "मी चुकलो का गं?"

मी काय म्हणाले, आठवतंय? म्हणाले, "काच टेकवू या काका, हात भरून आले."

तुमच्या टेबलापाशी इतकं नाही म्हणायला शिकलेली बाई, आणि ज्या एका प्रश्नाला उत्तर पाहिजे होतं तिथं हात भरून आले!

त्यानंतर आपण दोघांनी तो विषय काढला नाही. दोन बहिणींचा वर गेला, भुताचा खाली आला, नाखवांनी आणखी एका सिनेमातल्या वल्ह्यांवर तोंडसुख घेतलं. पण वरची मोकळी जागा काचेतून रोज दिसायची. तुम्ही तिच्यावर पेपर ठेवायचात. मी आले की उचलायचात.

आणि मग तो मंगळवार. नाकात नळी, हाताला सुई, शेजारी मेघनाताई. आवाज नव्हताच तुम्हाला. तरी मला बघितल्यावर पहिला शब्द काढलात, "तारमास्तरचं काय करायचं?"

मला कळलं तुम्ही काय विचारताय. मेघनाताईंना वाटलं सिनेमा. मी तुमच्या हातावरच्या त्या सुईकडे बघितलं आणि म्हटलं, "तुमचाच पहिला काका. मला पटलं."

मेघनाताई हसल्या, त्यांचे डोळे भरले. तुम्ही नाही हसलात. माझ्याकडे बघत राहिलात, कॉलर बदललेली दिसल्यावर बघावं तसं. मग म्हणालात, "काच एकटीला उचलायची नाही तुला."

तेवढंच. गुरुवारी तुम्ही गेलात.

मला आधी वाटलं, तुम्ही थट्टा केलीत. मग वाटलं, काळजीनं म्हणालात, बोट चेमटेल म्हणून. आता दोन आठवडे झाले, मला झोपेतून उठल्याबरोबर ते वाक्य आठवतं. तुम्ही ओळखलं होतंत. माझं हो खोटं आहे, म्हणजे एकमत नाही, म्हणजे चिठ्ठी हलणार नाही. तुम्ही विचारलंत ते शेवटचं, आणि मी तारमास्तरसारखं तुमचं उत्तर माझ्या खिशात दडवून ठेवलं. तुमच्या भल्यासाठी. आजारी माणूस, धक्का बसेल, म्हणून. त्या क्षणी मला तारमास्तर पुरता कळला. कळला, पण पटला नाही.

*

आज शनिवार. वरचं सगळं लिहून दोन दिवस वही टेबलाच्या खणात ठेवली होती, कोळशाच्या पिशवीखाली. आज दुपारी दोन वाजता, आपल्या वेळेला, ती घेऊन वर गेले.

मेघनाताई भांडी कागदात गुंडाळत होत्या. मी म्हटलं, "ताई, मी काकांना हो म्हणाले ते खोटं होतं. ती फ्रेम चूक आहे."

त्या हसल्याच आधी. "अहो, राहू द्या हो. त्यांना बरं वाटलं ना?"

"नाही वाटलं."

मग त्यांनी भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला त्या सिनेमाचा एवढा राग का आहे?"

मी आबांचं सांगितलं. लाडवांचं सांगितलं. इथपर्यंत सोपं होतं. पुढचं सांगायचं की नाही, हे मला आतून कुरतडत होतं. काका, तुम्हाला शब्द दिलेला. पण मी गप्प बसून जिना उतरले असते तर ती तार आता माझ्या खिशात आली असती. मेघनाताईंशी मी रविवारी हसून बोलले असते, त्यांनी मला जवळ घेतलं असतं, आणि मला माहीत असतं. मला ते नाचणं नको होतं.

 मी म्हटलं, "आणखी एक आहे. काका म्हणाले होते बोलू नकोस. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता इथंच थांबते."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "बोला."

मी बोलले. टोपी नव्हती डोक्यावर, नाहीतर काढली असती. आणि त्यांच्या तोंडावरून नजर हलवली नाही. तेवढं साहेबानं शिकवलं होतं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावीस."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. मला वाटलं, आपण काय करून बसलो. गेलेल्या माणसाला लेकीच्या नजरेतून उतरवलं. दार उघडून पळून जावं असं वाटत होतं.

बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाल्या, "आई त्या दिवसांत माझ्या साड्यांना फॉल लावत बसायची. मी म्हणायचे, बाहेर टाक ना, कशाला डोळे फोडतेस. तिला माहीत असतं तर..." वाक्य तिथंच राहिलं. मग चिडून म्हणाल्या, "तर तिनं ठरवलं असतं ना, फॉल लावायचे की नाही! तिनं ठरवायचं होतं ते!"

 ते वाक्य माझंही होतं.

"मला बाबांशी भांडायचंय," त्या म्हणाल्या, "आणि ते नाहीत."

थोड्या वेळानं त्याच टेबलाशी आल्या. पेपर सरकवला. मोकळी जागा बघितली, खाली शेजारी शेजारी दोन चिठ्ठ्या बघितल्या. "हे असंच होतं?"

"असंच."

"मग छापलं ते चूक आहे." फ्रेम वर मागवली, उलटी घातली, सुरीनं मागचे खिळे वाकवले आणि कागद बाहेर काढला. पहिल्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली. मी म्हटलं, छान फ्रेम बिघडली. तर म्हणाल्या, "बिघडू दे. बाबांना घाम आलेलाच बरा दिसेल." तुम्ही त्यांना वाळवंटाचं सांगितलं होतंत वाटतं.

मग मी वही पुढे केली. म्हटलं, हे वाचणार होते, पण यात तुमच्या घरचं आहे, फाडून टाकू का? त्यांनी उभ्याउभ्याच सगळं वाचलं. लाडवांपाशी थांबल्या, काचेपाशी थांबल्या. वही परत देताना म्हणाल्या, "वाचा. एक शब्द काढू नका. पण तुम्ही तुमची बाजू मांडलीत की मग मी बोलणार."

"काय बोलणार?"

"बाबांची बाजू."

मी विचारलं, "तुम्हाला पटतं ते?"

"मुळीच नाही. मला अजून रागानं थरथरायला होतंय. पण म्हणून त्यांच्या बाजूनं कुणी बोलायचंच नाही का? ते नाहीत म्हणून वाद तुम्ही जिंकायचा?"

अगदी तुमच्यासारखं, काका. तोच आवाज, कप आपटायच्या आधीचा.

मग आम्ही दोघींनी काच उचलली. तुमची बाजू त्यांनी धरली.  चिठ्ठ्या काढल्या, लिफाफ्यात भरल्या, क्रमानं. वर मी लिहिलं, पहिली जागा मोकळी. नाखवांना काच पण हवी आहे, त्यांना सांगितलंय की नेताना दोघांनी धरा. ते म्हणाले, "अगो, बारा वर्सं बघतोय मी, म्हाईत नाय का मला?"

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ते काच हातात असताना द्यायचं होतं, सगळ्यांसमोर देतेय, उशिरा देतेय.

चुकलात. तारमास्तरही चुकला, माझा भाऊही चुकला, आणि त्या मंगळवारी मीही चुकले. तुम्ही चुकलात म्हणून मला खुर्ची देणारे तुम्ही कुणी वेगळे होत नाही. मी खुर्चीच्या दांडीला दोनदा हात लावून बसणारी, मला हे बोलायची ताकद तुमच्याशिवाय कुठून आली असती? तुम्ही असतात तर आत्ता म्हणाला असतात, पुरे, भाषण देऊ नकोस, मुद्दा सांग.

मुद्दा एवढाच, की माझा तो होकार मी परत घेते. तारमास्तरचा पहिला नाही. तारेवर तारीख असते.

माझं म्हणणं मांडून झालं. आता तुमच्या बाजूनं मेघनाताई बोलतील.